चहाला नको म्हणणाऱ्या मॅडम

“मॅडम, चहा घ्या.”

मी मागे वळून बघितलं. मागे पोस्टाची भिंत होती आणि भिंतीला टेकून झोपलेलं एक कुत्रं. म्हणजे मॅडम मीच.

समोर हणमंतनाना उभे होते. आंबेखिंडच्या खांब चौकातल्या हॉटेलचे मालक. हातात कपबशी, बशीत दोन बिस्किटं, आणि खांद्यावरचा टॉवेल चक्क नीट घडी केलेला. हेच नाना मागच्या आठवड्यात मला म्हणाले होते, “ए पोरी, ऊठ बाकड्यावरनं, गिऱ्हाईक आलंय.”

मी मान हलवली. नको. तोंडातून शब्द काढला नाही, कारण शब्द काढला असता तर आवाज ओळखला असता, आणि आवाज ओळखू नये म्हणून तर सगळा खटाटोप होता.

“मग सरबत सांगू का? उन्हाचं हाय.”

पुन्हा मान हलवली.

नाना दोन पावलं मागे सरले, वळले आणि हॉटेलच्या पायरीवर बसलेल्या माणसांना हळूच म्हणाले. हळूच म्हणजे नानांच्या हिशोबानं. मला स्पष्ट ऐकू आलं.

“च्याला बी न्हाय म्हनती. कडक दिसतीय बया.”

पायरीवरची माणसं गप्प झाली. आमच्याकडे सरकारी माणूस चहा घेतो तेव्हा लोकांना धीर येतो. चहा न घेणारा माणूस आला, की समजायचं आता काही खरं नाही. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट होती: सावली.

तेव्हा मी नुकतीच सातवी पास झाले होते. आता दहावीत आहे, परवा शाळेच्या मैदानावर सहाशे मुलांसमोर माईक हातात घेऊन बोलले, आणि माईक काढून घ्यावा लागला इतकं बोलले. पण त्या उन्हाळ्यातली मी वेगळी होती. वर्गात सगळ्यात उंच, म्हणून पाठीला पोक काढून चालणारी. आणि माझ्याकडे कॅमेरा होता. मोबाइलमधला नाही, गळ्यात अडकवायचा खरा कॅमेरा. पप्पांनी मिलिटरी कॅन्टीनमधून घेतलेला, सोबत तीन पायांचं चंदेरी स्टँड. सुट्टी संपवून पठाणकोटला परत जाताना ते म्हणाले होते, “तनू, मला गावाचे फोटो पाठवत जा.”

मी पाठवायचे. जास्वंद. मांजर. गच्चीवरची टाकी. मांजर टाकीवर बसलेली. जास्वंदीखाली मांजर.

घराबाहेर मी कॅमेरा काढूच शकत नव्हते. एकदा यात्रेत काढला, तर पाळण्यातून पोरं ओरडली, “ए शूटिंगवाली, आमाला बी हिरो कर की!” बास. त्यानंतर कॅमेरा बाहेर गेलाच तर बाजाराच्या पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून, आणि तसाच परत यायचा. मेथीला मात्र लेन्सच्या पेटीचा वास लागायचा, असं मम्मीचं म्हणणं.

एप्रिलात एका रात्री पप्पा फोनवर म्हणाले, “तनू, मांजर बरी आहे हे कळलं. गावात दुसरं काही उरलंय का नाही?”

ते हसत म्हणाले, पण मला ते हसू जरा कोरडं वाटलं. ते दीड वर्षात घरी आले नव्हते. मला काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं आणि मी बोलून गेले, “मे महिन्यात एक फोटो पाठवते बघा. खांबाची सावली नसलेला.”

“ढगात?”

“भर उन्हात. भूगोलाच्या पाटणे मॅडमनी सांगितलंय. वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, आणि सावली जाते.”

“कुठं जाते?”

“कुठंच नाही. नसतेच.”

पप्पा इतके हसले की पलीकडून कुणीतरी विचारलं, क्या हुआ उस्ताद. “अगं, त्या खांबाच्या सावलीत उभं राहून मी निम्मं आयुष्य एसटीची वाट बघितलीय. खांब एक वेळ जाईल, सावली जायची नाही. पाठव, पाठव. बघतोच.”

आता खांबाचं सांगायला हवं. आमच्या चौकाच्या मधोमध एक जुना दगडी खांब आहे, दुमजली घराएवढा उंच. संस्थानच्या काळात त्यावर कंदील लावायचे म्हणे. कंदील गेला, खांब राहिला, आणि एसटीचा थांबाही तिथंच झाला. शेड नाही, झाड नाही. त्यामुळे उन्हाळ्यात एसटीची वाट बघणारी माणसं खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी राहतात. पुढच्याच्या पाठीला नाक लावून, आगगाडीसारखी. सावली सरकली की सगळी आगगाडी सरकते. परगावची माणसं हे बघून हसतात. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही.

सावली जाण्याचे दिवस दोन. एक मे महिन्यात, दुसरा जुलैत. जुलैत आमच्याकडे आभाळच दिसत नाही, सूर्य कुठला. म्हणजे मे चुकला की वर्ष गेलं, आणि मी पुन्हा मांजरीवर आले.

म्हणून त्या सकाळी मी मम्मीचा पांढरा सनकोट घातला, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, आणि नाकापासून मानेपर्यंत स्कार्फ असा गुंडाळला की माझ्या सख्ख्या आजीनं मला ओळखलं नसतं. अल्फिया तांबोळी, माझी शेजारीण आणि वर्गमैत्रीण, मला बघून म्हणाली, “फोटो काढायचाय का बँक लुटायचीय?”

“कुणी ओळखायला नको गं.”

“ओळखलं तर काय खातील?”

अल्फियाला असल्या गोष्टी कळायच्याच नाहीत. तिला काल कुणी हसलं हे आज आठवत नाही. तिच्या हातात भूगोलाच्या प्रकल्पाची काठी होती, लाल-पांढरे पट्टे मारलेली. खांबाशेजारी ती उभी धरायची, म्हणजे काठीचीही सावली जाताना दिसेल, अशी आमची योजना. आणि माझ्या खिशात खडू. सावलीचं टोक जिथं असेल तिथं खूण करायची, फोटो काढायचा, थोड्या वेळानं पुन्हा खूण, पुन्हा फोटो.

तर पांढरा कोट, गॉगल, तीन पायांचं स्टँड, लाल-पांढरी काठी, आणि रस्त्यावर खडूच्या खुणा.

आंबेखिंडच्या माणसाला हे सगळं एकत्र दाखवलं तर तो काय म्हणेल, हे मी सोडून गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. दोन वर्षांपूर्वी अशीच माणसं आली होती. असंच स्टँड, अशीच काठी. दिवसभर काहीतरी बघून, कागदावर लिहून गेली, आणि नंतर पेठेतल्या भिंतींवर लाल फुल्या उमटल्या. रस्ता रुंदीकरण. रस्ता काही आला नाही, पण फुल्या राहिल्या. पेठेत एकही दुकान असं नव्हतं की ज्यानं पुढं पत्रा नाहीतर ताडपत्री ओढून चार हात रस्ता आपलासा केला नव्हता. सगळे त्या फुल्यांकडे रोज बघायचे आणि रोज विसरायचे.

पहिली खूण मी नानांच्या हॉटेलच्या पायरीजवळ केली. सकाळची लांब सावली तिथवर पोचली होती. दुसरी खूण तिथून खांबाच्या दिशेनं थोडी अलीकडे. तिसरी आणखी अलीकडे. त्या दिवशी सावली तिरकी सरकत नाही, पश्चिमेकडून सरळ खांबाकडे आत येते. त्यामुळे खुणा अगदी सुतात पडत होत्या. सूत हॉटेलपासून खांबाकडे चाललेलं, आणि खांब ओलांडून ते सूत पुढं नेलं तर थेट इंदूआक्काच्या खोक्यात शिरत होतं.

इंदूआक्का खोक्यात नारळ, उदबत्त्या, गजरे विकायची. तिनं अजून काही बघितलं नव्हतं. ती झोपली होती.

“तनू,” अल्फिया काठी धरून पुटपुटली, “ती पत्र्याखालची चपलांची मांडणी बघ. उचलून आत नेतायत.”

“असेल काही.”

“आणि रसवाला गुऱ्हाळ मागं ढकलतोय.”

मी कॅमेऱ्यात डोळा घातला होता. कॅमेऱ्यात डोळा असला की बाहेरचं काही दिसत नाही. मला वाटायचं बाहेरच्यांनाही आपण दिसत नाही. चुकीचं आहे ते.

एसटीच्या रांगेतली शेपटाकडची माणसं एकेक करून उन्हात पडायला लागली होती. सावली आखूड होत होती ना. एक आजोबा वैतागून मला म्हणाले, “बाई, आमच्या सावलीवर बी मोजणी लावली व्हय? सकाळधरनं नुसती कमी कमीच व्हाय लागलीया.”

अल्फियानं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे चमकले, आणि तिला जे कळलं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मोजणी. हे लोक मला मोजणीवाली समजतायत. आणि अल्फियाला मॅडमनी काठी धरायला घेतलेली गावातली पोरगी.

“सांगूया?” मी कुजबुजले.

“कसं सांगणार? स्कार्फ काढ आणि सांग.”

मी स्कार्फला हात लावला. चौकात बघितलं. हॉटेलच्या पायरीवर माणसं, कटिंगच्या दुकानात अर्धी दाढी केलेलं एक गिऱ्हाईक दारात उभं, वरच्या मजल्यावर दोन खिडक्यांत बायका. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. यात्रेतला पाळणा आठवला. मी हात खाली घेतला.

“थोडाच वेळ राहिलाय,” मी म्हणाले. “फोटो काढू आणि पळू.”

“पळू,” अल्फिया म्हणाली, “आणि हे लोक उद्या कलेक्टर हपिसात जातील.”

तेवढ्यात नानांनी टाळी वाजवली. “घ्या रे! उतरवा ती!” हॉटेलच्या दोन पोऱ्यांनी दोऱ्या सोडल्या, आणि ती निळी ताडपत्री, जी माझ्या जन्माआधीपासून तिथं होती असं मला वाटायचं, धपकन खाली आली. धुळीचा लोट उठला. नानांची उतरलेली बघून शेजारच्या कापडवाल्यानं आपली उतरवली. मग मेडिकलवाल्यानं. मग पलीकडच्या बाजूचं एकेक. चौकात कुणी कुणाला काही बोलत नव्हतं, नुसत्या दोऱ्या सुटत होत्या, पत्रे आत जात होते, बांबू आडवे पडत होते. बघता बघता अख्खा चौक उघडा झाला. मी तो चौक तसा कधी बघितलाच नव्हता. इतका मोठा आहे हेच माहीत नव्हतं.

या आवाजानं इंदूआक्का जागी झाली.

ती खोक्यातून बाहेर आली, डोळे चोळले, उघडा चौक बघितला, खडूच्या खुणा बघितल्या, त्यांचं सूत नजरेनं पुढं पुढं नेलं आणि ते आपल्या खोक्यापाशी येतंय हे बघून तिनं पदर खोचला.

“कोन आलीया मोजाय?”

नानांनी हनुवटीनं मला दाखवलं.

इंदूआक्का आली ती सरळ माझ्यासमोर नाही. ती गेली खांबाकडे, आणि खांबाच्या बुंध्याला पाठ लावून मांडी घालून बसली. बरोबर माझ्या फोटोच्या मधोमध.

“मोज आता. मला धरून मोज. तीस वर्सं हितं बसलीया मी. नवरा गेला तवा हितं बसले, पोरीचं लगीन केलं ते हितंच बसून. ह्ये आले, त्ये आले, फुल्या मारून गेले. म्या खोकं हलवायची न्हाय!”

“आक्का, सरकारी मानूस हाय, जरा बेतानं...” नाना म्हणाले.

“तू गप रं! ताडपत्री उतरवून मोकळा झाला, पळपुटा!”

गर्दी झाली. गर्दी म्हणजे काय, अख्खी पेठ. हॉटेलातले, रांगेतले, कटिंगवाल्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा. सगळे खांबाभोवती. माझ्या कॅमेऱ्यातून आता नुसत्या पाठी दिसत होत्या. मी घड्याळ बघितलं. वेळ होत आली होती, आणि खांबाच्या बुंध्यापाशी सावलीचा जेमतेम वीतभर तुकडा शिल्लक राहिला असणार, जो मला दिसतही नव्हता.

तिथं मी रडले असते. खरंच. गॉगलच्या आत सुरुवात झालीही होती. पण इंदूआक्का तिकडं रडायला लागली. ओरडता ओरडता तिचा आवाज फाटला, आणि ती पदरानं तोंड पुसत नुसतीच बसून राहिली. माझ्यामुळं. माझ्या तोंडावरच्या त्या फडक्यामुळं.

मी टोपी काढली, गॉगल काढला, स्कार्फ ओढून काढला. केस घामानं कपाळाला चिकटलेले.

“आक्का, मी तनू.”

कुणालाच ऐकू गेलं नाही. अल्फियानं काठी जमिनीवर आपटली. “ओ ऽऽ! ऐका!”

“आक्का, मी तनू! संपत घोरपड्यांची! मोजणीची नाही मी!”

चौक असा गप्प झाला की पलीकडच्या गिरणीचा पट्टा ऐकू यायला लागला.

“संपतची?” इंदूआक्का म्हणाली. “जास्वंदीच्या घरातली?”

“हो.”

“मग त्वांड बांधून काय करतीस भवाने?”

“फोटो काढते. पप्पांना पाठवायला.”

आणि मग जो स्फोट झाला! निम्मे हसत होते, निम्मे संतापले होते, आणि काही जण दोन्ही. “अगं ए, दोन पोरं लावून ताडपत्री उतरवली मी!” नाना ओरडले. “मॅडम म्हनलो तुला मी! बशीत बिस्किटं दिली!” रसवाला म्हणाला, “माझं गुऱ्हाळ कोन परत पुढं आननार?” कुणीतरी म्हणालं, हिच्या बापाला फोन लावा. नाना तरातरा आले आणि स्टँडला हात घातला. “गुंडाळ आधी ह्ये सगळं. चल.”

“नाना, स्टँडला हात लावायचा नाही!”

कोण ओरडलं म्हणून मीच बघायला लागले. तो आवाज माझ्यातून आला होता. नानांनी हात असा काढला जसं स्टँड तापलेलं होतं.

“नंतर मला कायपण बोला,” मी म्हणाले, आणि मला थांबताच येईना. “मी एकेक बांबू उचलून देते सगळ्यांचा. पण आत्ता कुणी हलू नका. आता होणार आहे. आज सावली जाणार आहे. खांबाची पण आणि तुमची पण. खाली बघा. आपापल्या पायांकडं बघा!”

पोरीला ऊन लागलं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. पण माणसाला खाली बघ म्हटलं की तो बघतोच.

पहिल्यांदा अल्फियाची काठी. ती तिनं मोकळ्या जागेत सरळ उभी धरली होती. काठीच्या पायाशी बोटाच्या पेराएवढी सावली होती, मग नखाएवढी, आणि मग नव्हती. लाल-पांढरी काठी रस्त्यावर उभी, लख्ख उन्हात, आणि तिचं जमिनीवर काहीच नाही. ती तिथं आहे असंच वाटेना. कुणीतरी फोटोतून कापून आणून रस्त्यावर चिकटवल्यासारखी.

“या अल्ला,” अल्फिया म्हणाली. हसली नाही.

मग मी खांबाकडे बघितलं. इंदूआक्का उठून उभी राहिली होती आणि बुंध्याभोवती फिरून बघत होती. पश्चिमेला बघितलं, नाही. मागे गेली, नाही. एवढा दुमजली दगड, पप्पांनी ज्याच्या आधारानं निम्मं आयुष्य काढलं, माझ्या आजोबांनी काढलं असेल, त्यानं आपली सावली पायाखाली घेतली होती, पूर्ण, आणि तो तसा उघडा उभा होता.

आणि मग सगळीकडे. ताडपत्र्या नव्हत्या, पत्रे नव्हते, त्यामुळे त्या चौकात सावली म्हणून कुठं लपायला जागाच नव्हती. उभ्या सायकलींच्या सावल्या चाकांखाली एका रेघेत मिटल्या होत्या. मघाचं कुत्रं उठून चौकात आलं होतं आणि त्याच्या पोटाखालीच तेवढा काळा ठिपका होता. माणसांच्या सावल्या चपलांभोवती गोळा होऊन बसलेल्या, मालकाला सोडून कुठं जावं हे न कळल्यासारख्या. एका लहान पोरीनं आईचं बोट सोडून स्वतःभोवती गिरकी घेतली. अर्ध्या दाढीवाल्यानं एक पाय उचलला आणि पायाखाली बघितलं. त्याचं बघून सगळ्यांनी एकेक पाय उचलला. सावली तिथं होती, तळव्याखाली. पाय टेकला की गडप.

मी किती वेळा वाचलं होतं, पाटणे मॅडमनी फळ्यावर आकृती काढून दाखवली होती, मला सगळं माहीत होतं. आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. वर, अगदी बरोब्बर वर, इतक्या कोटी मैलांवरून तो सूर्य आत्ता ह्या क्षणी आमच्या चौकाच्या थेट माथ्यावर होता. आमच्या. जिथं एसटी पण वेळेवर येत नाही.

रांगेतले आजोबा म्हणाले, “आपली सावली दिसंना झाली म्हंजी जायाची येळ आली म्हनत्यात.”

“अख्ख्या गावाची गेलीया, आबा,” इंदूआक्का खांबाला हात लावून म्हणाली, अगदी हळू, तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. “मग भ्यायचं कशाला. जाऊ की मिळून.”

कुणी हसलं नाही.

फोटो! मला एकदम आठवण झाली. स्टँडसमोर पाठीच पाठी. मी कॅमेरा स्टँडवरून काढला, गळ्यात अडकवला, नानांचं बाकडं ओढलं आणि त्याच्यावर चढले. भर चौकात, भर गर्दीत, बिनास्कार्फची, गावातली सगळ्यात उंच सातवीतली पोरगी बाकड्यावर चढून आणखी उंच झाली. पाळण्यातल्या पोरांना हवं ते सगळं तयार होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बघितलं.

माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं.

एकजणही नाही. नाना, कापडवाला, रसवाला, खिडक्या सोडून खाली आलेल्या बायका, इंदूआक्का, आबा, अख्खी पेठ मान खाली घालून आपापल्या पायांकडे बघत होती. जणू तिथं आयुष्यात पहिल्यांदाच पाय उगवले होते. मधोमध खांब. कुणाचीही सावली नाही.

मी बटण दाबलं.

थोड्या वेळानं खांबाच्या दुसऱ्या बाजूला, इंदूआक्काच्या खोक्याच्या दिशेला, काळा दोरा दिसायला लागला. इतका बारीक की आधी ती लहान पोरगीच ओरडली, “आली! आली!” आणि मग सगळा चौक ओरडला, जशी कुणाची तरी हरवलेली गाय परत आली. लोक टाळ्या वाजवत होते. कुणाला, कुणास ठाऊक.

मी बाकड्यावरून उतरले. नाना समोर उभे. मला वाटलं आता आहे आपलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “झाली मोजणी?”

“झाली, नाना.”

“मग आता तरी च्या घ्या.”

मी घेतला. नंतर संध्याकाळपर्यंत अल्फिया आणि मी बांबू उचलत होतो, आणि गावात अजूनही मला मॅडमच म्हणतात.

फोटो मी त्याच दिवशी पप्पांना पाठवला. लगेच उत्तर आलं नाही. रात्र गेली, सकाळ गेली. दुपारी व्हिडिओ कॉल आला. पप्पा उघड्या मैदानात उभे होते, डोळे जरा लाल.

“रात्रभर बघत होतो,” ते म्हणाले. “मोठा करून करून. नानाचे केस किती पिकलेत गं. आणि आबा अजून आहेत? आणि तो अर्ध्या दाढीचा, तो माझ्या वर्गातला दिलप्या ना? अख्खं गाव आलंय एका फोटोत. सगळे असे मान खाली घालून... आमच्या इथल्या पोरांना वाटलं कुणीतरी वारलंय. मग मी सांगितलं, अरे नाही, सावली बघा.”

“पटलं ना मग?”

“पटलं म्हणजे? थांब.” त्यांनी फोन खाली वळवला. त्यांचे काळे बूट दिसले, आणि बुटांना चिकटलेली एक आखूड, गडद सावली. “हे बघ. इथं पण भर दुपार आहे. सकाळपासून तीन वेळा बाहेर येऊन बघितलं. माझी काही जात नाही.”

“जाणारच नाही, पप्पा.”

“का?”

“तुम्ही फार वर आहात, उत्तरेत. तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. त्यासाठी इकडं खाली यावं लागतं.”

फोन तसाच खाली होता, मला नुसते बूट आणि सावली दिसत होती. वारा वाहत असल्याचा आवाज येत होता.

“परत कधी आहे म्हणालीस?” त्यांचा आवाज आला.

“पुढच्या मे महिन्यात. जुलैत ढग असतात.”

“मे म्हणजे आत्तापासून रजेचा अर्ज टाकायला पाहिजे. आणि कारण काय लिहू? साहेब विचारतील.”

“फोटो दाखवा त्यांना.”

त्यांनी खरंच दाखवला. पुढच्या रविवारी सांगत होते. साहेबांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि मग खुर्ची मागे सरकवून, उठून दाराबाहेर उन्हात गेले. तिथं उभं राहून त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. एकदा एक पाय उचलून बघितला, मग दुसरा.

मग आत आले आणि सही केली.